निळाईचा चार्ज

कौसल्याताई सासरहून येऊन अडतीस दिवस झाले होते. दिवस मोजायचं काम माझ्या सासऱ्यांनी, मामाजींनी, आपल्याकडे घेतलं होतं. दाराआडच्या कॅलेंडरवर ते रोज सकाळी पेन्सिलीनं एक बारीक टिंब देत, आणि कोणी पाहिलं तर कॅलेंडर सरळ करत असल्यासारखं दाखवत.

ताई आल्या तेव्हा थंडी नुकती लागली होती. दुपारच्या एस.टी.नं उमरेडहून एकट्याच आल्या, ट्रंक ओट्यावर ठेवली, हातपाय धुतले आणि माझ्याशेजारी गहू निवडायला बसल्या. पहिल्या दिवशी त्यांना कोणी काही विचारलं नाही, कारण त्या दमल्या होत्या. दुसऱ्या दिवशी विचारलं नाही ते भीतीनं. मग न विचारण्याचीच सवय होऊन गेली. सात वर्षांपूर्वी लग्न होऊन गेलेली मुलगी घरात सकाळी अंगण झाडते, दुपारी भाजी चिरते, आणि घर तिच्याभोवतीनं असं वावरतं, जणू ती कालपर्यंत इथंच होती.

त्या रविवारी आमच्या घरचं अधिवेशन होतं. आणि त्याच रविवारी दुपारी चारच्या मोटारीनं गिरिधरराव, म्हणजे ताईंचे यजमान, त्यांना न्यायला येणार होते. ही जुळणी चंपतकाकांनी केली होती. चंपतकाका मामाजींचे धाकटे भाऊ, गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. ताईंचं लग्न त्यांनीच जमवलं होतं, आणि आता त्यांच्या मुलीच्या, जयाच्या लग्नाचं बोलणं गिरिधररावांच्या मावसभावाशी चाललं होतं. सकाळी नऊला इंदोऱ्याहून सायकल दामटत ते सक्करदऱ्याला आले, आणि चहा हातात येण्याआधीच म्हणाले, "दादा, आज तुमचा तो ग्रहांचा तमाशा लवकर आटपा. चार वाजता मानूस येऊन राहिला."

"तमाशा नाई, चंपत. अधिवेशन," मामाजी म्हणाले आणि संत्रं सोलायला घेतलं.

अधिवेशनाचं थोडं सांगायला हवं. मामाजी जुन्या सचिवालयात रेकॉर्ड कीपर होते. नागपूर राजधानी होती तेव्हाची गोष्ट. छप्पन साली राज्यं नव्यानं आखली गेली आणि एका सकाळी नोटीस बोर्डावर याद्या लागल्या. कोण मुंबईला, कोण भोपाळला, कोण इथंच. तीस वर्षं मामाजींनी लावलेली रजिस्टरं ट्रकमध्ये भरली गेली. त्याच्या पंधरवडाभर आधीच दसऱ्याला घरानं धम्मदीक्षा घेतली होती. मामाजी पुढे म्हणत, "त्या साली एक गोष्ट आम्ही आपल्या मनानं केली, अन् एक आम्हाले न विचारता झाली."

त्या हिवाळ्यात त्यांनी कचऱ्यात निघालेलं एक कोरं रजिस्टर घरी आणलं आणि तिन्ही पोरांना समोर बसवून आकाशगंगा शासन स्थापन केलं. मधुकरराव, म्हणजे माझे यजमान, तेव्हा कॉलेजात होते. त्यांना लाज वाटायची, पण वडिलांपुढे बोलायची सोय नव्हती. कौसल्याताई पंधरा वर्षांच्या. बळीराम दहाचा. प्रत्येकाला एक ग्रह मिळाला आणि प्रत्येकजण आपल्या ग्रहाचा ग्रहपाल झाला. मधुकररावांचा ग्रह वज्र. बळीरामचा भोवरा, कारण तो फार जोरात फिरायचा. ताईंचा निळाई. निळाईवर दोन चंद्र होते, नदी एकही नव्हती, आणि लोक विहिरींच्या काठानं राहत. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ग्रह घ्यायला साफ नकार दिला. "मले हे एक घर पुरे हाय," त्या म्हणाल्या. "तिथं अजून पानी भराले जाऊ काय?"

मामाजी राष्ट्रपती झाले नाहीत. ते मुख्य सचिव झाले. राष्ट्रपती कोण, असं बळीरामनं विचारलं की म्हणत, "असन कोणीतरी. सही त्यायची, काम माझं." या शासनाला कायमची राजधानी नव्हती. ती दरसाल वेगळ्या ग्रहावर जायची, म्हणजे कोणाची कायमची जाणार नाही. ग्रहपालाला फौज ठेवता येत नसे. केंद्राचा कोणताही हुकूम त्याला कारण लिहून एकदा परत करता येई. सालातून एकदा फुलस्केप कागदावर दोन्ही बाजूंनी अहवाल द्यावा लागे. पाऊस किती पडला, कोण जन्मलं, कोणाची काय तक्रार. आणि कलम सात असं होतं: ग्रहावर काहीही करण्यापूर्वी ग्रहपालानं तिथल्या माणसांना विचारावं. हुकूम पोचवणं हे शिपायाचं काम आहे. विचारून वर कळवणं हे ग्रहपालाचं.

पुढे डिसेंबरात मुंबईचं सरकार अधिवेशनाला नागपुरात येऊ लागलं, तेव्हा मामाजींनीही आपलं अधिवेशन त्याच दिवसांत धरलं. सिव्हिल लाइन्समध्ये जीपगाड्या धावत आणि आमच्या अंगणात बाजेवर लाल बासनातलं रजिस्टर उलगडलं जाई. पोरं मोठी झाली, नोकरीला लागली, तरी ते बंद पडलं नाही. मी बासष्ट साली लग्न होऊन आले आणि चौथ्या महिन्यात मामाजींनी मला निळाई दिली. नव्या सुनेला दागिना द्यावा तशी दिली. मला फार आनंद झाला. मी निळाईवर संत्र्याचे बगीचे लावले, विहिरी बुजवून कालवे काढले.

निळाई आधी ताईंची होती, हे मला सांगितलं नव्हतं. पहिल्या अधिवेशनात मी अहवाल वाचला तेव्हा ताई माहेरपणाला आल्या होत्या. त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "छान झालं, वहिनी." पुढल्या साली बळीरामच्या तोंडून खरं कळलं. तेव्हा मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. निळाई मला आवडत होती.

तर त्या रविवारी अंगणात ऊन चांगलं पसरलं होतं. सायकलची घंटा स्टुलाला बसवली होती, ती मामाजींनी दोनदा वाजवली आणि अधिवेशन सुरू झालं. चंपतकाका पायरीवर बसले. त्या जागेला बळीराम प्रेक्षकांचा सज्जा म्हणे. ताई आत्याबाईंजवळ खाली चटईवर बसल्या होत्या. मांडीवर संत्र्यांची टोपली.

मधुकररावांनी वज्राचा अहवाल वाचला. बारा वर्षांत त्यात फरक नव्हता. परिस्थिती समाधानकारक, पाऊस पुरेसा, तक्रार नाही.

"भाऊ, वज्रावर मानसं राहतात का फायली?" बळीराम म्हणाला.

"तू आपला भोवरा सांभाळ गा."

बळीराम लॉ कॉलेजात शेवटच्या वर्षाला होता. त्याला बोलायला फक्त निमित्त लागे. भोवऱ्यावर केंद्रानं दिवसपाळी आणि रातपाळी ठरवून दिली होती, पण ग्रह एवढ्या जोरानं फिरतो की जेवायला बसलेला माणूस उठेपर्यंत तीन दिवस होतात, म्हणून त्यानं तो हुकूम परत केला होता. आत्याबाईसुद्धा हसल्या. काका हसले नाहीत. त्यांनी खिशातून घड्याळ काढून पाहिलं.

"झालं? आता माझं एक ऐका," ते म्हणाले. "तुमच्याच भाषेत बोलतो. कौसल्येनं आपली जागा सोडून इथं येऊन किती दिवस झाले?"

"अडतीस," मामाजी पटकन म्हणाले, आणि मग आपण बोलून गेलो हे त्यांच्या लक्षात आलं.

मधुकरराव सावकाश म्हणाले, "बाबा, कलम अकरा हाय. तिची जागा उमरेड धरली तर हे घर मुख्यालय. ग्रहपालाले मुख्यालयात कारण न देता चाळीस दिवस राहता येते. त्याच्यानंतर कारण लिहून द्या, नाहीतर परत जा. दोन दिवस उरले." त्यांनी बहिणीकडे पाहिलं नाही. मला नंतर ते म्हणाले की त्यांना ती जावी असं वाटत नव्हतं. पण ऑफिसात लोक विचारू लागले होते, तुमची बहीण इथंच आहे का, आणि काय सांगावं ते त्यांना सुचत नव्हतं. नियम सापडला तेव्हा हायसं वाटलं.

"ऐकलं?" काका म्हणाले. "तुमचाच कायदा. मग दे कारण, पोरी. गिरिधरनं मारलं काय?"

"नाई, काका."

"उपाशी ठेवलं?"

"नाई."

"दारू पिऊन येतो? दुसरी कोणी हाय?"

"नाई."

"मग काहून आली वं?" काकांच्या आवाजात राग नव्हता. खरंच कळत नव्हतं त्यांना. "अडतीस दिवस मी लोकाईले सांगून राहिलो, का तिची मोटार चुकली म्हणून."

"अडतीस दिवस मोटार चुकली?" बळीराम म्हणाला. "हे पटवून घेनारे लोक कोनते, काका? त्यायले माझ्या भोवऱ्यावर पाठवा."

"बळीराम," आत्याबाईंनी दटावलं.

ताई संत्रं सोलत राहिल्या. फोडींवरचे पांढरे धागे त्या एकेक करून काढत होत्या. आत्याबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि पुन्हा काढून घेतला.

मामाजींनी घंटा वाजवली. "निळाई," ते म्हणाले. "अहवाल."

माझा कागद तयार होता. मोठ्या हौसेनं लिहिला होता, बगीच्यांचं उत्पन्न वगैरे. मी उभी राहिले. समोर ताई बसल्या होत्या. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचायला तोंड उघडेना.

"मामाजी, मी वाचत नाई. आधी मले निळाईचा चार्ज रिपोर्ट पाहू द्या."

"काहून?"

"कसा आला माझ्याकडे, ते पहायचं हाय."

मामाजींनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं नाही. शेवटी बळीरामनं ते ओढून घेतलं आणि पानं उलटली. सरकारी नोकरीत बदली झाली की चार्ज रिपोर्ट लागतो. जाणारा लिहून देतो की मी कारभार दिला, येणारा लिहून देतो की मी घेतला. दोन सह्या. दोन्ही असल्याशिवाय जाणारा सुटत नाही आणि येणारा बसत नाही. एका साहेबाला मामाजींनी असा एकसहीचा कागद तीनदा परत पाठवला होता, ही गोष्ट आम्ही दर महिन्याला ऐकत असू.

पान सापडलं. उजवीकडे माझी सही होती, नव्या नवरीच्या अक्षरात, पूर्ण नाव: सौ. प्रेमिला मधुकर गोंडाणे. डावीकडची जागा कोरी होती.

रस्त्यानं एक बोरवाली ओरडत गेली.

"बाबा," बळीराम म्हणाला, आणि त्याच्या आवाजात आनंद मावत नव्हता, "जानाऱ्याची सहीच नाई! म्हणजे चार्ज गेलाच नाई! ताईच निळाईची ग्रहपाल हाय, आजबी हाय. सात वर्षं ती उमरेडले दौऱ्यावर होती! कलम अकरा लागतच नाई. ती मुख्यालयात आली नाई, आपल्या जागेवर परत आली!"

मामाजींनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं पुसला. परत घातला नाही. ती चूक त्यांना आज कळली नव्हती. ताईंच्या लग्नाच्या दिवशी तो कागद त्यांच्या कोटाच्या खिशात होता. पाठवणीच्या वेळी सही घ्यायची असं त्यांनी ठरवलं होतं. पण मुलगी मोटारीत बसायला निघाली तेव्हा त्यांचा हात खिशातून बाहेर येईना. सही मागितली असती तर तिनं विचारलं असतं, बाबा, काहून? आणि त्याचं उत्तर मुख्य सचिवाकडे नव्हतं. म्हणून त्यांनी विचारलं नाही. वर्षभरानं माझी सही घेतली आणि दुसरी जागा तशीच राहू दिली. हे त्यांनी मला त्यांच्या शेवटच्या आजारात सांगितलं. त्या दिवशी फक्त एवढंच म्हणाले, "चूक माझी हाय. लिहून ठेवा."

मधुकरराव पुढे वाकून ते पान पाहत होते. "सही नाई तर नाई," ते हळूच म्हणाले. "चार्ज झाला नाई. मी आपलं कलम अकरा मागं घेतो." बहिणीकडे त्यांनी आता पाहिलं.

"थांबा, थांबा," काका उठून उभे राहिले. "पोरहो, हे खेळनं हाय. कागदावरचा ग्रह हाय. चार वाजता येनारा मानूस कागदावरचा नाई. त्याले काय सांगसान? तुमच्या बायकोचे कागद अपुरे हायेत?"

"काका बरोबर बोलून राहिले," ताई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले. अडतीस दिवसांत त्या आपणहून बोलल्या ती पहिली वेळ.

"निळाई वहिनीकडंच राहू द्या. तिनं बगीचे लावले. मले ते कागदानं जिंकून इथं राहायचं नाई, बळी. एका सहीनं राहिली तर दुसऱ्या सहीनं जावं लागन." त्यांनी सोललेलं संत्रं टोपलीत ठेवलं. "काका, तुम्ही कारण विचारलं. सांगतो म्हटलं तर हसू येते, इतकं लहान हाय. तिकडं मले कोणी वाईट वागवलं नाई. फक्त कोणी काही विचारलं नाई. आम्ही दुसऱ्या घरात राहाले गेलो, ते मले दारात सामानाची बैलबंडी आली तेव्हा कळलं. मी चुलीवर भात टाकला होता. माझ्या साड्या यायच्या, रंग पाहिलेला दुसऱ्यानं. मले शिवणाच्या क्लासले जायचं होतं. 'तिले काय करायचं' असं माझ्यासमोर बोलले, जसं मी घरात नाईच. सात वर्षं."

"हे तर सगळ्याच घरी..." काका म्हणाले.

"हाव. सगळ्याच घरी असन. मग त्या दिवशी मी आंघोळीहून आली तर माझी ट्रंक भरून ठेवलेली. सासूबाई म्हणे, भिवापूरले नणंदेकडं बाळंतपण हाय, सहा महिने तिथं राहा लागन. नणंदेले पत्र गेलं होतं. मोटारीतली जागा धरून ठेवली होती. सगळ्याइले माहीत होतं. ट्रंकेलेबी माहीत होतं. मी स्टँडवर गेली. भिवापूरची मोटार उभी होती अन् बाजूले नागपूरची." त्या थोडं हसल्या. "मोटार चुकली नाई, काका. मी बदलली."

बळीरामनं रजिस्टर उघडंच मामाजींपुढे सरकवलं.

ताई मामाजींकडे वळल्या. "बाबा, कलम सात काढा."

"मले पाठ हाय."

"मलेबी. ते पान माझ्या अक्षरात हाय. तुम्ही सांगितलं अन् मी लिहून घेतलं. लग्न ठरवलं तेव्हा तुम्ही मले विचारलं काय? निळाई दिली तेव्हा विचारलं? आता अडतीस दिवस मी इथं हावो. कोणी कारण विचारते, कोणी दिवस मोजते, कोणी कायदा काढते. मले काय पायजे, हे अजून कोणी विचारलं नाई. बळीनंबी नाई."

हे ऐकताना मला वाटलं, मामाजी रागावतील किंवा रडतील. त्यांनी दोन्हीपैकी काहीच केलं नाही. ते फाईल चाळताना बसत तसे ताठ बसले. मग हळूच म्हणाले, "सचिवालय गेलं तेव्हापासून मी बारा वर्षं सांगत बसलो, आम्हाले विचारलं नाई, आम्हाले विचारलं नाई." त्यांनी समोरचं रजिस्टर मिटलं.

विचारलं ते आत्याबाईंनी. त्यांचा ना ग्रह, ना कलम. त्यांनी मुलीची हनुवटी धरून आपल्याकडे वळवली, लहानपणी वेणी घालताना धरत असतील तशी. "सांग वं माय. तुले काय पायजे?"

"मले इथं राहायचं हाय. शिवणाची परीक्षा द्यायची हाय. अन् त्यायनंबी मले एकदा विचारावं, असं वाटते. उत्तर माहीत असलं तरी."

काका पायरीवर परत बसले. "जयाचं काय होईन?" ते कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. मधुकररावांनी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि स्वतः शेजारी बसले. आधी ते काकांच्या बाजूनं बोलले होते. आता बाजूला बसले, पण बाजू घेतली नाही, एवढं मला कळलं.

साडेचारला गिरिधरराव आले. उमरेडला शाळेत मास्तर, शांत माणूस, अंगात बाह्या तोकड्या झालेला स्वेटर, हातात पेरूंची पिशवी. त्यांना खुर्ची दिली. मी चहा केला. काका उठले, बोलायला लागले, "जावईबापू, तयारी..." तेवढ्यात मामाजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

"जावईबापू," मामाजी म्हणाले, "एक विनंती हाय. तिले विचारा."

"काय विचारू?"

"येतेस का म्हणून."

गिरिधरराव आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्यात काही डाव आहे का, हे ते शोधत असावेत. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. ताई आत उभ्या होत्या. मी चुलीजवळ होते, मला बाहेर जायला वाट नव्हती, म्हणून मी सगळं ऐकलं.

दाराच्या चौकटीला त्यांनी हात लावला होता. कसं सुरू करावं ते त्यांना सुचत नव्हतं.

"येतेस काय?"

"नाई," ताई म्हणाल्या.

त्यांनी मान हलवली. काहून असं त्यांनी विचारलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "शिवणाचं मशीन... मी विचार केला होता घ्यायचा."

"तुम्ही केला होता," ताई म्हणाल्या. आवाज मऊ होता. "मले सांगितलं नाई."

बाहेर येऊन ते मामाजींना म्हणाले, "मले वाटे तिचं चांगलं चालू हाय. ती कधी काही बोललीच नाई."

"मलेबी तसंच वाटे," मामाजी म्हणाले.

शेवटची मोटार सहाची होती. मधुकरराव त्यांना सायकलवर डबलसीट घेऊन स्टँडवर सोडून आले. चंपतकाका त्यांच्याआधीच निघाले होते, जेवायला थांबा म्हटलं तर थांबले नाहीत. जयाचं लग्न त्या घरात झालं नाही. ते मोडलं कसं, हे काका कधी बोलले नाहीत. पण दोन वर्षांनी दुसरं स्थळ आलं तेव्हा ते जयाला घेऊन आमच्याकडे आले होते, आणि मुलाच्या मामासमोर त्यांनी तिला म्हटलं होतं, "बोल बाई, तुह्यं काय म्हणणं हाय?" मामाला ते आवडलं नव्हतं.

पण ते पुढचं. त्या संध्याकाळी ऊन भिंतीवरून उतरत होतं. बळीरामनं रजिस्टर बासनात बांधून आत नेलं. माझा अहवाल बाजेवर तसाच पडला होता, त्याच्यावर मामाजींनी संत्र्याच्या साली ठेवल्या होत्या. आत्याबाई भाजीची टोपली घेऊन ओट्यावर आल्या आणि ताईंच्या समोर बसल्या.

"वांगे हायेत," त्या म्हणाल्या. "मेथी हाय. पोपटीच्या शेंगा हायेत. कोनती भाजी करू, कौसल्या?"

ताई टोपलीकडे पाहत राहिल्या. वांग्याला हात लावला, मेथीला लावला, हात परत मांडीवर घेतला. "तुम्हाले जे..." म्हणाल्या आणि थांबल्या. त्यांनी वर पाहिलं. आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहत होतो. मामाजी बाजेवर, बळीराम दारात, मी तांदूळ धुता धुता.

त्यांना वेळ लागत होता. आम्हाला घाई नव्हती.